अळवाचे पाण्यातले भावंड

गेल्या काही वर्षांत गोमंतकातील पुष्कळ घरांच्या दर्शनी खोलीत काचेची एक पेटी येऊन बसली आहे. तीत रंगीत मासे असतात, तळाशी वाळू असते आणि त्या वाळूत चारदोन हिरवी रोपे रोवलेली असतात. मासे बहुधा तग धरतात. रोपे मात्र आठ-पंधरा दिवसांत दगा देतात. दुकानातून आणताना टवटवीत असलेले पान प्रथम पिवळे पडते, मग काचेसारखे पारदर्शक होते आणि एके दिवशी बोट लावताच पाण्यात विरून जाते. घरात यावर निरनिराळी मते निघतात. कोणी दुकानदारास दोष देतो, कोणी पाण्यास, कोणी लावणाऱ्याच्या हातगुणास. आणि बहुतेक घरी या चर्चेचा शेवट सारखाच होतो. ते सडके रोप उपटून परसात फेकले जाते. आमच्या मते अशा फेकलेल्या रोपांपैकी पुष्कळशी जिवंत असतात. त्यांचे दिवस भरलेले नसतात, त्यांचे बिऱ्हाड बदललेले असते. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, आणि तिचा संबंध काचेच्या पेटीपुरताच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाणी म्हणजे पाणी, असे आपण सहज म्हणून जातो. हरमलात राहणाऱ्यास तसे म्हणता येत नाही. आमच्या किनाऱ्याच्या उत्तरेस खडकाळ टेकाडाला वळसा घालून पुढे गेले म्हणजे एक लहानशी पुळण लागते, आणि त्या पुळणीच्या मागे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचे तळे आहे. डोंगराच्या घळीतून येणारा व्हाळ त्यात उतरतो. एका बाजूस खारी लाट, दुसऱ्या बाजूस गोडे पाणी, आणि मध्ये वाळूचा एक पट्टा. डोळ्यांना दोन्ही पाणीच. परंतु एकातील वनस्पती दुसऱ्यात क्षणभर सुखाने राहणार नाही. गोड्या पाण्यातसुद्धा पुन्हा भेद आहेत. जांभ्या दगडातून झिरपलेले व्हाळाचे पाणी हलके असते, शिंपल्यांच्या वाळूतल्या विहिरीचे पाणी चुन्यामुळे जड होऊ शकते, आणि नळाच्या पाण्यास क्लोरीनचा वास असतो. आपण तिन्ही पाणी एकाच तांब्याने पितो. रोपाला मात्र हा फरक पानापानातून कळतो.

काचेच्या पेटीत सर्वांत अधिक लावली जाणारी आणि सर्वांत अधिक वेळा विरघळणारी वनस्पती म्हणजे क्रिप्टोकोरिन. नाव परके असले तरी कूळ आपले आहे. अळू, सुरण आणि पावसाळ्यात डोंगरउतारावर उगवणारे तेरे ज्या कुळातले, त्याच कुळातले हे पाण्यातले भावंड. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘लपलेला सोटा’ असा होतो. अळवाच्या फुलात मधोमध जो दांडा उघडा दिसतो, तो हिच्या फुलात नळीच्या तळाशी झाकलेला असतो, म्हणून हे नाव. दुकानात मिळणारी रोपे पुष्कळदा मूळच्या सिंहली जातींची असतात. त्यांतील सर्वांत लोकप्रिय जात क्रिप्टोकोरिन वेन्टी ही श्रीलंकेतील; डी विट नामक डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला १९५८ साली हे नाव दिले. परंतु याच कुळीच्या जाती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आहेत. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस ही ओलसर काठांवर आणि भातशेतीच्या आसपास वाढते, क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस ही ओढ्यांच्या खडकाळ पात्रात रुजते, तर क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही कोकणाबाहेर जवळजवळ कोठेच आढळत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले श्रीरंग यादव यांनी सह्याद्री आणि कोकणातील अशा पाणवनस्पतींचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. आपल्या व्हाळाकाठी गवत समजून ज्यावर आपण पाय देतो, ते काही वेळा या कुळातले असते.

आता ही पाने विरघळतात का, ते पाहू. अळवावरचे पाणी क्षणभंगुर असते, हे आपल्या भाषेत म्हणीसारखे झाले आहे. ते तसे का असते? अळवाच्या पानावर मेणाचा सूक्ष्म थर आणि बारीक बारीक उंचवटे असतात. त्यामुळे थेंब पानाला चिकटत नाही, घरंगळून जातो. हवेत वाढणाऱ्या बहुतेक पानांवर असे कमीअधिक मेणचट आवरण असते. उन्हावाऱ्यात पानातील ओलावा उडून जाऊ नये, हे त्याचे काम. पानाने श्वास घ्यावा म्हणून त्यावर बारीक रंध्रे असतात. त्यांतून हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो आणि पान त्याचे अन्न करते. देठ ताठ असतो, कारण पानाचा भार त्याला स्वतः उचलायचा असतो.

हेच पान पाण्याखाली बुडवले म्हणजे त्याचे सारे गुण दोष होऊन बसतात. मेणचट थर आता संरक्षण करीत नाही, उलट अन्नाच्या आड येतो. रंध्रे निरुपयोगी होतात. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पटीने मंद गतीने तो पाण्यात पसरतो. भरल्या बाजारात उभे असलेल्या माणसाला एकाएकी ओसाड माळावर नेऊन सोडावे, तशी त्या पानाची गत होते. त्याला अन्न करता येत नाही, आणि स्वतःचा खर्च मात्र चालूच राहतो.

पाण्याखाली जन्मलेले पान मुळातच निराळे असते. ते पातळ असते, त्यावर मेण जवळजवळ नसते, रंध्रे नसतात किंवा नावापुरती असतात, आणि सगळ्या पृष्ठभागाने ते पाण्यातील वायू व क्षार शोषून घेते. देठात ताठपणा नसतो, कारण पाणीच त्याला उचलून धरते. असे पान बाहेर काढून उन्हात ठेवले तर घटकाभरात सुकून कागद होते. भातशेतात आढळणारी आंबुली पाहिली म्हणजे हा भेद डोळ्यांनीच दिसतो. तिची पाण्याखालची पाने बडीशेपेच्या पाल्यासारखी चिरलेली, आणि पाण्यावर डोकावणारी पाने अखंड. एकाच दांड्यावर दोन प्रकारची पाने पाहून दोन वेगळ्या वनस्पती एकमेकींत गुंतल्या असाव्यात, असे नवख्यास वाटते.

येथे दुकानातील व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. विक्रीची पुष्कळशी रोपे पाण्याखाली वाढवलेली नसतातच. मोठ्या रोपवाटिकांत ती दमट हवेच्या काचघरात, मुळे ओली आणि पाने हवेत, अशी वाढवतात. तशी ती लवकर वाढतात, त्यांवर शेवाळ चढत नाही आणि प्रवासातही टिकतात. अलीकडे काही रोपे प्रयोगशाळेत, निर्जंतुक खळीत, साखरेच्या पोषणावरही वाढवतात. यात फसवणूक अशी नाही. रोप निरोगीच असते. परंतु घरी आणून पाण्यात रोवल्याबरोबर त्याच्या अंगावरचे प्रत्येक पान जुन्या मुलखाचे ठरते. नव्या मुलखास योग्य अशी पाने त्याला पहिल्यापासून घडवावी लागतात, आणि त्यासाठी लागणारे भांडवल जुन्या पानांतच साठलेले असते. म्हणून रोप त्यांतील नत्र, स्फुरद आणि पालाश जमेल तितके माघारी ओढून घेते आणि उरलेला सांगाडा सोडून देते. आपण ज्याला सडणे म्हणतो ते पुष्कळ अंशी असे आवराआवर करणे असते.

क्रिप्टोकोरिनची तऱ्हा याहूनही तीव्र आहे. तिला हवेतून पाण्यात यावे लागते असेही नाही. पाण्यातून पाण्यात नेली तरी ती विरघळते. उजेड एकदम वाढला, पाणी एकदम जड अथवा हलके झाले, ऊष्णता काही अंशांनी बदलली, फार दिवस न बदललेले पाणी एकाच वेळी सारे बदलले, किंवा मुळे हलवून जागा पालटली, तर दोन-चार दिवसांत सगळी पाने पारदर्शक होऊन गळून जातात. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या रोपाला त्याच वेळी काही झालेले नसते. फरक हळूहळू झाला तर मात्र हीच वनस्पती कमालीची सोशीक असते, आणि वर्षानुवर्षे एका जागी राहून आपला विस्तार वाढवीत जाते. तिला बदलाचे वावडे नाही, आकस्मिकपणाचे आहे.

हा स्वभाव तिला कोठून आला, ते आपल्या पावसाळ्याकडे पाहिले म्हणजे उमगते. जूनमध्ये व्हाळ भरून येतात तेव्हा काठावरची ही रोपे पाण्याखाली जातात, आणि पाणी ओसरले म्हणजे पुन्हा हवेत येतात. पाणी उतरल्यावर ती फुलतात. कडक उन्हाळ्यात वरचे सारे वाळून गेले तरी चिखलात गड्डा जिवंत असतो. अशा ठिकाणी प्रत्येक पान जपत बसणाऱ्या वनस्पतीचा निभाव लागला नसता. पान खर्चावे आणि गड्डा राखावा, हा तिचा संसार. साताऱ्याच्या पठारावरील वायतुराही हेच करतो. पावसात डबक्यातून फुलांचे तुरे वर काढतो आणि पाणी आटले की जमिनीतल्या कंदात निजून राहतो. आपले तेरेसुद्धा याच वळणाचे. मृगाच्या पावसाआधी त्याचा मागमूस नसतो, आणि आषाढात त्याची भाजी घरोघरी शिजते.

आमच्या घरच्या काचपेटीत म्हापशाहून आणलेले असे एक रोप होते. नवव्या दिवशी त्याचे शेवटचे पान गेले, तेव्हा घरातले लहान मूल हिरमुसून बसले आणि रोप उपटून फेकण्याची भाषा सुरू झाली. आमच्या थोरल्या काकी शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा जन्म शेतात गेलेला. काचपेटीचे त्यांना कधीच कौतुक नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, “तरवो लायल्यार आठ दीस हळडुवो जाताच, पुता, म्हणून उपटून पळोवचो न्हय.” तरवा काढून लावणी केली की भाताची रोपे काही दिवस पिवळी पडतात, माना टाकतात, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते. तेवढ्यावरून कोणी ती उपटून पाहत नाही. कारण उपटून पाहिल्याने नुकते धरू लागलेले मूळ तुटते. काकींच्या बोलण्यात वनस्पतिशास्त्राचा एक पूर्ण पाठ होता. रोप तसेच राहू दिले. तीन आठवड्यांनी वाळूतून तांबूस रंगाचे एक टोक वर आले. ते जुन्या पानांपेक्षा अरुंद आणि नाजूक होते, आणि ते पाण्यातले पान होते.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द व्यवहाराचे. विरघळणारी पाने देठापासून हलक्या हाताने कापून बाहेर काढावीत. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात आणि अमोनिया सोडतात, त्याचा त्रास माशांना होतो. पाणी थोडे थोडे, नेमाने बदलावे, एकदम सारे बदलू नये. उजेड आणि खत वाढवण्याची घाई करू नये. पाने नसलेल्या रोपाला ते घेता येत नाही, आणि शेवाळाचे मात्र फावते. गड्डा बोटाला टणक लागत असेल तर दोन ते सहा आठवडे वाट पाहावी. तो मऊ पडला असेल आणि त्याला दुर्गंधी येत असेल, तर मात्र रोप खरोखरच गेले असे समजावे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. नको झालेली रोपे गावच्या तळीत वा व्हाळात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या देशातील किती तलाव झाकून टाकले, हे सर्वांस ठाऊक आहे. श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन बेकेटी ही पेटीतली वनस्पतीही अमेरिकेत टेक्सस राज्यातील सॅन मार्कोस नदीत पोचून तेथे पसरली. पेटीत हळवे वाटणारे रोप मोकळ्या पाण्यात दांडगे होऊ शकते.

हे सर्व लिहिताना आमच्या मनात एक निराळा विचार घोळत होता, आणि तो या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवण्यास संकोच वाटत नाही. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांवर स्थलांतराचा प्रसंग आला. कुशस्थळीचा श्रीमंगेश अंत्रुज महालात मंगेशीस गेला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली, आणि दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर डिचोली महालात नार्व्यास आला. त्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. त्या काळी मागे काय काय राहिले असेल याची कल्पना करावी : देवळांच्या भिंती, सभामंडप, तळ्या, जमिनी, शेजार. जे दिसत होते ते बहुतेक गेले. बरोबर आले ते देव, कुलाचार, आणि कोणाचा मान कोणता याची स्मृती. नव्या जागी जी देवळे उभी राहिली ती जुन्यांची प्रतिकृती नव्हती. नव्या मुलखाच्या मातीला, पावसाला आणि कारागिरांच्या हाताला अनुसरून ती घडली. जुने पान गळाले, आणि गड्ड्यातून नव्या पाण्याजोगे पान आले. आमचे काही बांधव मुंबईच्या चाळींत गेले आणि पुढे समुद्रापलीकडेही गेले. त्यांच्या घरी चवथीला माटोळी पूर्वीसारखी भरत नाही म्हणून कोणी हळहळतो. आम्ही त्याला विचारू, की गणपती येतो ना? येत असेल तर थोडी वाट पाहावी.

मात्र ही तुलना फार ताणू नये, कारण तिच्यातून एक खोटे समाधान निघू शकते. गड्डा चिवट आहे म्हणून त्याच्यावर वाटेल तो प्रसंग आणावा, असा याचा अर्थ होत नाही. गड्ड्याला चिखल लागतो. पाण्याखालचा काळ आणि पाण्याबाहेरचा काळ, असे दोन्ही ऋतू त्याला लागतात. आजकाल देवळांच्या तळ्यांचा जीर्णोद्धार होतो तेव्हा पुष्कळ ठिकाणी तळाशी आणि काठाशी काँक्रीट घातले जाते. तळी स्वच्छ दिसते, दीपोत्सवाला शोभते. परंतु जिथे मातीच उरली नाही तिथे गड्डा राहणार कोठे? व्हाळाचे काठ दोन्ही बाजूंनी सिमेंटने बांधले की पाणी वेगाने समुद्राला मिळते, आणि काठावरची ती ओली, अर्धी बुडालेली पट्टी, जिथे ही रोपे जगतात, नाहीशी होते. कपडे धुण्याच्या चुऱ्याचे पाणी, मैल्याचा निचरा, उपसा, भर घातलेली शेते, यांतला प्रत्येक बदल आकस्मिक असतो आणि तो माघारी जात नाही. पेटीतले रोप विरघळले तर पुन्हा आणता येते. कोकणाबाहेर कोठेच न आढळणारी एखादी जात तिच्या व्हाळातून गेली, तर ती कोणत्या दुकानातून आणावयाची?

म्हणून आमची महाजनांस आणि देवस्थान समित्यांस एक नम्र विनंती आहे. तळी जरूर उपसावी, पायऱ्या जरूर दुरुस्त कराव्यात. निसरड्या पायरीवरून वृद्धांनी पडावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका कोपऱ्यात, देवळाकडे येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी, चार हात माती तशीच राहू द्यावी, आणि गाळ काढताना तेथील गड्डे आधी बाजूला ओले ठेवून मग परत रोवावेत. तेथे साळक फुलेल, आंबुली येईल, कदाचित अळवाचे ते लपलेले भावंडही येईल. पहिल्या वर्षी त्या कोपऱ्यात नुसता चिखल आणि कुजकी पाने दिसतील, आणि कोणीतरी म्हणेल की हे घाण दिसते, बांधून काढा. त्या वेळी त्याला एक पावसाळा थांबायला सांगावे.